न्यूयॉर्क ते मुंबई : चौदा तासांचा हिशेब

॥ श्रीसद्गुरुचरणी साष्टांग दंडवत ॥



गेल्या काही महिन्यांत इंदूर, बडोदा आणि हैदराबाद अशा तीन ठिकाणच्या कुटुंब-गटांतून आमच्याकडे जवळजवळ एकच प्रश्न आला. दोन घरी वडील गेले, एका घरी आई गेली. तिन्ही घरचा मुलगा अमेरिकेत. नातेवाइकांपैकी कुणीतरी मोबाइलवर बघून सांगून टाकलं, "न्यूयॉर्क ते मुंबई चौदा तास. म्हणजे आज रात्रीपर्यंत पोरगा दारात." सगळे थांबले. चौदाचे चोवीस झाले, चोवीसचे तीस झाले. मग कुरबुर सुरू झाली. कुणी म्हणालं आता उरका, कुणी म्हणालं मोठ्या मुलाशिवाय अग्नी द्यायचा नाही. एका घरी शेवटी बहिणीने अग्नी दिला, आणि चार तासांनी भाऊ पोचला. तो आजही बहिणीशी धड बोलत नाही. आता आम्हाला विचारतात, चुकलं कोणाचं? थांबायला हवं होतं का? शास्त्र काय सांगतं?

शास्त्राकडे येऊच. पण आधी त्या चौदा तासांकडे बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून इंटरनेटवर जो आकडा दिसतो, तो पृथ्वीच्या गोलावरून जाणाऱ्या सगळ्यात जवळच्या रेषेचा असतो. मुंबई ते न्यूयॉर्क ही रेषा सुमारे १२,५०० किलोमीटरची आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर वाटतं की अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक समुद्र, की आलं न्यूयॉर्क. पण शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड, पुढे आइसलंडच्या जवळून ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि तिथून खाली अमेरिकेत. नातवंडांना हे जरूर करून दाखवा, त्यांना मजा वाटते. (मोठ्यांनाही वाटते, कबूल करत नाहीत इतकंच.)

आता विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. १२,५०० ला ९०० ने भागलं की चौदा तास येतात. मोबाइलने हाच भागाकार करून दिला. पण विमान काही दोऱ्यावरून चालत नाही. वाटेत देशांच्या हद्दी असतात. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा आपल्याकडून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना ते पुन्हा बंद झालं. शिवाय वारा असतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. म्हणून इथून न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि तिथून येताना चौदा-साडेचौदा. अंतर तेच, वेळा दोन. घराकडे येणारी वाट हलकी असते, असं कुणी यावर छान प्रवचन करील. आम्ही करत नाही, कारण हा निव्वळ वाऱ्याचा खेळ आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. मंगळवारी पहाटे साडेपाचला इंदुरात वडील गेले असं धरा. उन्हाळ्याचे दिवस असले तर न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सोमवारची रात्रीची आठची वेळ असते. मुलाला फोन गेला. थेट मुंबईचं विमान काही दर तासाला सुटत नाही. आजचं सुटून गेलेलं असतं आणि पुढचं, समजा, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आहे. म्हणजे सोळा तास इथेच गेले, आणि ते त्याने कसे काढले हे त्याचं त्यालाच ठाऊक. साडेचौदा तास विमानात. मुंबईत उतरला तेव्हा आपल्याकडे बुधवारची दुपार झालेली. पासपोर्टची रांग, सामान, गरज पडली तर दुसऱ्या टर्मिनलला जाणं, मग इंदूरच्या विमानाची वाट. मुंबई-इंदूर हवेतून जेमतेम ५०५ किलोमीटर, तिकिटावर सव्वा-दीड तास. दारात पाऊल पडलं तेव्हा बुधवारची संध्याकाळचे सव्वासात. मोजून बघा, फोन गेल्यापासून जवळजवळ अडतीस तास. त्यातले विमानात बसलेले फक्त सोळा. बाकीचे बावीस तास कुठल्याच साइटवर दिसत नाहीत, आणि हे सगळं सुरळीत झालं तर. त्याने उशीर केला असं म्हणायला यात कुठे जागा आहे?

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. सगळ्यांनी मुंबईचाच हट्ट धरू नये. ग्वाल्हेरच्या मंडळींना दिल्लीला उतरून गाडीने येणं सोयीचं. हैदराबादला आखाती देशांतून थेट विमानं येतात. बडोद्याला अहमदाबाद जवळ. बेळगावला गोव्याहून चोर्ला घाटाने येता येतं, पण पावसाळ्यात घाटाचा भरवसा धरू नये. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, तेव्हा गाडी पाठवणाऱ्याने तिकिटावरचं नाव आधी नीट वाचावं. शोकाच्या घाईत गाडी एका विमानतळावर आणि माणूस दुसऱ्या विमानतळावर, असं सहज होऊ शकतं.

आता शास्त्र. याला आपल्याकडे रामायणाएवढं जवळचं दुसरं उदाहरण नाही.

दशरथ महाराज गेले तेव्हा त्यांच्या चार मुलांपैकी एकही अयोध्येत नव्हता. राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न भरताच्या आजोळी, केकय देशात. वाल्मीकींनी लिहिलं आहे की राजाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवला आणि भरताला आणायला वेगवान घोड्यांवरून दूत धाडले. भरत निघाला, त्याच्या वाटेत सात रात्री गेल्या. म्हणजे थांबणं शास्त्राबाहेरचं नाही. वसिष्ठांसारखे कुलगुरू समोर होते आणि त्यांच्याच सांगण्यावरून थांबले. तेव्हा तेलाची द्रोणी होती, आज थंड पेटी मिळते. ज्यांना थांबायचं आहे, थांबता येण्यासारखं आहे, त्यांनी थांबावं. पाप नाही.

पण त्याच कथेत दुसरा मुलगा आहे, आणि तो थोरला आहे. रामचंद्रांना वडील गेल्याची बातमी कळली ती चित्रकूटला, भरताच्या तोंडून, सगळे संस्कार आटोपल्यावर. थोरला असून अग्नी त्याच्या हातून नव्हता. त्याने काय केलं? मंदाकिनीवर उतरून जलांजली दिली आणि हिंगणबेटाच्या पेंडीत बोरं कालवून पिंड दिला. वनात तेच खात होते, तेच वडिलांना दिलं. तिथे राजवाडा नव्हता, उपाध्यायांची रांग नव्हती. तो पिंड पोचला नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? राम वडिलांना अंतरला असं आपण म्हणतो का?

मराठीत 'अंतर' हा शब्द मोठा गमतीचा आहे. दोन गावांमधलं ते अंतर, आणि आपल्या आत असतं तेही अंतर. 'मी तुला अंतर देणार नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात किलोमीटरचा संबंध नसतो. बारा हजार किलोमीटरवरच्या मुलाने अंतर दिलेलं नसतं आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्याने दिलेलं असू शकतं. सगळ्यांनाच ठाऊक आहे हे, नावं घ्यायला नकोत.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. थांबायचं की नाही हे पहिल्या तासातच ठरवावं, आणि एकानेच ठरवावं. आई हयात असेल तर तिचं मन बघून. मुलाचा खरा हिशेब विचारावा, मोबाइलवरचा नाही. दीड दिवसात पोचत असेल, ठेवायची नीट सोय असेल आणि घरच्यांना झेपत असेल तर थांबावं. नसेल तर थांबू नये. आणि न थांबण्याचा निर्णय मुलाला स्वतः फोन करून सांगावा, त्याच्या तोंडून 'चालेल' ऐकून घ्यावं. हा एक फोन केला नाही म्हणून भावाबहिणींत वर्षानुवर्षं अबोला राहतो. दहावा, बारावा, तेरावा हे दिवस आहेतच. अस्थी त्याच्यासाठी ठेवता येतात. ओंकारेश्वरला, चांदोदला, नरसोबाच्या वाडीला तो सावकाश नेऊ शकतो.

आणि अग्नी मुलीने दिला तर? आपल्या परिवारात हा प्रश्न आता पडू नये. जिने दोन वर्षं औषधाच्या वेळा पाळल्या, रात्री उठून कूस बदलून दिली, तिला आयत्या वेळी 'तू बाजूला हो, भाऊ येतोय' म्हणायचं, हे आम्हाला तरी बघवत नाही. महाराजांनी या बाबतीत काय सांगितलं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तरीही प्रत्येक वेळी कुणीतरी काकाआजोबा निघतातच. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे चालावं.

त्या इंदूरच्या भावाला आमचं एवढंच सांगणं आहे, की बाबा रे, तुझ्या बहिणीने तुझा अधिकार घेतला नाही. तू वाटेत असताना तुझ्या वाटणीचं काम तिने केलं. तिला फोन कर.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. तिन्ही घरच्या मंडळींशी आम्ही बोललो, तेव्हा एक गोष्ट तिन्हीकडे सारखी निघाली. मुलाला आजाराची पूर्ण कल्पना कुणीच दिलेली नव्हती. एकाला सांगितलं होतं, "जरा अशक्तपणा आहे." दुसऱ्याला सांगितलं, "दवाखान्यात तपासणीला नेलंय, उद्या घरी." खरं म्हणजे अतिदक्षता विभागात सहावा दिवस होता. आईचाच आग्रह की त्याला कळवू नका, त्याचं नवीन काम आहे, तो उगाच काळजी करत बसेल, सुट्टी मिळणार नाही, तिकीट महाग आहे. आणि वडील म्हणतात, मी बरा झाल्यावर सांगू. प्रेमानेच म्हणतात, यात शंका नाही.

वसिष्ठांनीही दुतांना बजावलं होतं की भरताला राजा गेल्याचं आणि राम वनात गेल्याचं सांगू नका. दुतांनी सांगितलं नाही. भरताला वाईट स्वप्नं पडत होती, त्याने विचारलं, उडवाउडवीची उत्तरं मिळाली. सात रात्री तो वाटेत होता आणि सात रात्री त्याच्या पोटात गोळा होता. अयोध्येत शिरला तर रस्ते मुके. शेवटी आईच्या तोंडून कळलं. तेव्हा भरताने काय विचारलं हे प्रत्येकाने मुळातून वाचण्यासारखं आहे. त्याने विचारलं, की वडील शेवटी काय म्हणाले?

परदेशातून आलेला प्रत्येक मुलगा हेच विचारतो. आम्ही किती घरांत ऐकलं आहे. बॅग दारात ठेवायच्या आधी विचारतो. आणि घरच्यांकडे उत्तर असतं की अरे, चार दिवस तुझंच नाव घेत होते.

चार दिवस! चार दिवसांत न्यूयॉर्कहून इंदूरला येऊन, हातात हात घेऊन बसून, दोन चमचे पाणी पाजूनही वेळ उरला असता. अडतीस तासांचा रस्ता कुठल्याही विमान कंपनीला तीस तासांचा करता येत नाही. पण हे चार दिवस आपल्या हातात होते आणि ते आपण प्रेमापोटी वाया घालवले. वसिष्ठांचं निदान कारण होतं. सिंहासन रिकामं होतं, राज्याला राजा नव्हता, बातमी परराज्यात फुटू द्यायची नव्हती. आपल्या घरात कुठलं सिंहासन रिकामं पडलंय?

काहीजण म्हणतील, अहो, तो आला आणि वडील बरे झाले तर? फुकट खर्च. असं झालं तर आनंदाने पेढे वाटावेत. मुलगा येऊन वडील बरे झाले याला खर्च वाया जाणं म्हणत नाहीत.

मुलांची बाजूही आहे, ती इथल्यांनी समजून घ्यावी. ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं आहे, त्याला इथे यायला ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. जो कामाच्या व्हिसावर आहे, त्याला येता येतं, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर परत जाताना नवा शिक्का घ्यावा लागतो आणि त्यात आठवडे, कधी महिने जातात. नोकरी पणाला लागते. तो 'बघतो' म्हणाला याचा अर्थ त्याला यायचं नाही असा काढू नका. त्यालाही ही जुळवाजुळव करायला वेळ हवा असतो, आणि तो वेळ खरी बातमी लवकर गेली तरच मिळतो. मुलांनीही पासपोर्ट आणि ओसीआयची तारीख आजच बघून ठेवावी. 'बाबांची तब्येत कशी आहे' एवढंच विचारून फोन ठेवू नये. रिपोर्ट मागावा. डॉक्टरांशी स्वतः बोलावं. आई 'बरं आहे' म्हणणारच, तिचा तो स्वभाव आहे.

आणखी एक. हे गटांवरच्या सगळ्यांसाठी आहे, जरा कडक शब्दांत लिहितो, राग मानू नये. कुणी गेलं की दहाव्या मिनिटाला गटावर फोटो, हार आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते. त्या घरचा मुलगा त्याच गटावर आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. हल्ली विमानातही इंटरनेट मिळतं. वडील गंभीर आहेत एवढंच कळून तो निघालेला असतो, ग्रीनलंडच्या वर कुठेतरी असतो, आणि बाप गेल्याचं त्याला कुणा लांबच्या मामाच्या हात जोडल्याच्या चित्रावरून कळतं. शेजारी अनोळखी माणूस. पुढे आठ तास उठून जायला जागा नाही.

लंकेहून परत येताना रामांकडे पुष्पक विमान होतं. तरी ते भरद्वाजांच्या आश्रमात थांबले आणि त्यांनी हनुमंताला भरताकडे पुढे पाठवलं. बातमी तर आनंदाची होती. पण चौदा वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला ती कुणी सांगावी, कशी सांगावी, ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो ते बघावं, इतका विचार केला. सगळ्या सेनेतून एक माणूस निवडला. आपण चांगली बातमी असो की वाईट, अंगठ्याने पुढे ढकलतो. म्हणून यापुढे आपल्या सर्व गटांवर असा नियम राहील : घरच्या माणसाने 'मुलाला, मुलीला कळवलं आहे' असं लिहिल्याशिवाय कुणीही श्रद्धांजली टाकणार नाही. टाकली तर गटप्रमुख ती काढून टाकतील.

तिथीबद्दल दोघांनी विचारलं होतं, तेही सांगून टाकतो. तिथी चंद्र-सूर्यातल्या अंतरावर ठरते, त्यामुळे ती सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होते. पण तिथलं घड्याळ आणि तिथला सूर्योदय वेगळा, म्हणून इंदुरात जे श्राद्ध बुधवारी येतं ते न्यू जर्सीत कधी मंगळवारी येऊ शकतं. इथली तारीख तिथे जशीच्या तशी पाठवू नये. तिथल्या गावाचं पंचांग बघून मुलाने तिथला दिवस धरावा. आणि त्याला नदी नाही, गुरुजी नाहीत म्हणून त्याने मन खट्टू करू नये, मंदाकिनीकाठी बोरांचा पिंड झाला होता एवढं लक्षात ठेवावं.

येत्या रविवारी सकाळी सातला, उपासनेआधी, ज्यांची मुलं अमेरिकेच्या पूर्व भागात आहेत त्यांनी फोन लावावा. तिथे शनिवारची रात्र असते. उन्हाळ्यात साडेनऊ, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेआठ. मुलं जागी असतात, कामाची घाई नसते. दोघांपैकी ज्याची तब्येत खालीवर आहे त्याची फाइल जवळ घेऊन बसा. रक्तातली साखर, हृदयाचा रिपोर्ट, डॉक्टर शेवटच्या भेटीत जे म्हणाले ते, सगळं वाचून दाखवा. आईने मध्येच 'अगं ते कशाला सांगतेस' म्हटलं तरी पुढचं पान उलटा.

जय गुरुदेव.